परिवर्तन : कशासाठी आणि कसे?



या स्मरणिकेसाठी ‘परिवर्तन’ या विषयावर लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळ केली. आम्ही काही विचारवंत नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा एक पदवीधर आणि आपल्या संस्थेच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिणारा सभासद, एवढीच आमची ओळख. परंतु इतिवृत्त लिहिता लिहिताच हा विषय आमच्यासमोर उभा राहिला, म्हणून लेखणी हाती घेतली.

गेल्या काही महिन्यांत कार्यकारिणीच्या तीन बैठका एकाच प्रश्नावर झाल्या. आपल्या वाचनालयाच्या खोलीचे काय करायचे? तरुण सभासदांचे म्हणणे असे की, वर्तमानपत्रे आता मोबाईलवर वाचली जातात, खोली दुपारभर रिकामी असते. तेथे टेबले, दिवे आणि इंटरनेटची सोय करून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करावी. ज्येष्ठ सभासद म्हणाले, गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून आमच्या वडीलधाऱ्यांनी हे वाचनालय उभे केले, त्याचा फलक आम्ही उतरू देणार नाही. तिसराही विचार पुढे आला : जागा रस्त्याच्या कडेला आहे, दुकानासाठी भाड्याने द्यावी, संस्थेला उत्पन्न होईल. तिन्ही बैठकांत आवाज चढले. इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की, ‘काय करावे’ हे प्रत्येकाने सांगितले. ‘कशासाठी’ हे कोणीच विचारले नाही. आम्हीही नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचा हा अभ्यास आहे.

१. बदल दोन प्रकारचे

सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. पण ऐकलेले अंगी उतरायला वेळ लागतो. सोलापूरकरांना अनित्यता पोथीतून शिकावी लागली नाही. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिलाच पुढे सारे गाव ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मागोमाग आणखी गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचे आणि भोंग्यावरच निजायचे. पाळीवर जाणाऱ्या माणसाला वाटे, हा भोंगा आपल्या नातवंडांनाही उठवील. मग एकेक गिरणी बंद पडली. आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. काम गेल्यावर कितीतरी दिवस ते पहाटे त्याच वेळी उठत, अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत. जायला कोठेच नसे.

हा आपल्यावर येऊन आदळणारा बदल. तो आपल्याला विचारून येत नाही. दुसरा बदल माणूस स्वतः घडवतो; विचार करून, तयारी करून, किंमत मोजून. पहिल्या बदलाला तोंड द्यायचे असेल तर दुसऱ्या बदलाची सवय अंगी असावी लागते. ही सवय कशी लावावी, याचा आपल्या समाजाजवळ फार मोठा वस्तुपाठ आहे. तो म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थांचा इतिहास. त्याचे एक पान आपल्या सोलापुरातच लिहिले गेले आहे.

२. सोलापूरचे वसतिगृह

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक बैठक बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड सभेचे अध्यक्ष होते. व्यवस्थापक समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. सभेने आपले उद्देश आरंभीच लिहून ठेवले : वसतिगृहे व अन्य साधनांनी शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये व अभ्यासवर्ग चालवणे, औद्योगिक व शेतकी शाळांतून आर्थिक स्थिती सुधारणे आणि समाजाची गाऱ्हाणी मांडणे.

सभा स्थापन होऊन सहा महिने होतात न होतात तोच, ४ जानेवारी १९२५ रोजी, तिने सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. देखरेख येथील नगरपालिकेचे सभासद जिवाप्पा ऐदाळे यांच्याकडे होती. नगरपालिकेनेही अनुदान दिले. या वसतिगृहातील मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत असत. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले. तरुणांनी जुगार-दारूच्या नादी लागू नये म्हणून हॉकीचा संघही काढला.

त्या मासिकाचे नाव ऐकून आजचा विद्यार्थी कदाचित चमकेल. पण १९२५ सालच्या शाळकरी मुलांजवळ शब्द त्या काळचेच असणार. नाव जुने, काम मात्र अगदी नवे : ज्यांच्या वाडवडिलांना अक्षराची बंदी होती ती मुले स्वतः लिहून मासिक काढत होती. नाव आणि काम यांतला हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

आता महत्त्वाची गोष्ट. एवढे चांगले चाललेली ही सभा चार वर्षांतच, जून १९२८ मध्ये, विसर्जित करण्यात आली. ती बुडाली नव्हती, तिच्यात भांडणेही लागली नव्हती. शिक्षणाचे आणि वसतिगृहांचे काम अधिक विस्ताराने करता यावे म्हणून तिच्या जागी खास शिक्षणासाठीची संस्था उभी करण्यात आली. संस्थेचा फलक उतरवणे म्हणजे संस्थापकांचा अपमान, असे संस्थापकालाच वाटले नाही. आम्ही हे वाचले तेव्हा बैठकीत फलकावरून चढलेले आवाज आठवले आणि आमची आम्हांलाच थोडी शरम वाटली.

३. नावे बदलली

बाबासाहेबांच्या पत्रांची नावे क्रमाने वाचून पाहावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. २९ जून १९२८ रोजी ‘समता’. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’. आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चेच नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’. मुक्यांचा नायक, मग बहिष्कृतांचा भारत, मग समतेची मागणी, मग अवघी जनता, शेवटी जागा झालेला भारत. छत्तीस वर्षांत एक समाज कोठून निघाला आणि कोठे जाऊ पाहत होता, हे या पाच नावांतच दिसते.

पक्षांचेही तसेच. १९३६ साली ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ निघाला, कारण कोकणातल्या कुळाचा आणि गिरणीतल्या कामगाराचा प्रश्न त्यांना एकत्र मांडायचा होता. १९४२ साली देशाच्या भावी घटनेची बोलणी होऊ लागली. तेथे आपला आवाज स्वतंत्रपणे पोहोचावा म्हणून नागपूरला ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ निघाली. अखेरीस सर्वांना सामावून घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनी मांडली. तो पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर १९२४ ची सभा, १९२८ ची शिक्षणसंस्था, ८ जुलै १९४५ ची ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’, १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० चे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाविद्यालय, अशी ही एक अखंड वाट आहे. सोलापूरच्या वसतिगृहातली ताटे आणि औरंगाबादची दगडी इमारत ही एकाच हेतूची दोन रूपे आहेत.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पुढच्या काळात रिपब्लिकन पक्षाचे अनेक गट झाले. प्रत्येक गटाने नाव नवे घेतले, पण प्रत्येक वेळी काम नवे होते काय? फुटीला परिवर्तन म्हणता येत नाही. नव्या कामासाठी जुने नाव सोडणे वेगळे आणि जुन्या भांडणासाठी नवे नाव घेणे वेगळे. छोट्या-मोठ्या संस्थांनाही हे लागू आहे.

४. एकवीस वर्षांची तयारी

माणसाच्या आयुष्यातील परिवर्तनाचे आपल्यासमोरचे सर्वांत मोठे उदाहरण धम्मदीक्षेचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. विद्यार्थी मित्र विचारतात, एवढा उशीर का? उशीर म्हणण्यापेक्षा मधल्या काळात काय झाले ते पाहावे.

मे १९३६ मध्ये मुंबईत परिषद भरवून त्यांनी हा प्रश्न लोकांपुढे ठेवला. धर्मांतर कशासाठी, याची कारणे फोड करून सांगितली. अनेक धर्मांचा अभ्यास केला. १९५० साली ते श्रीलंकेतील बौद्ध परिषदेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनला गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. तो १९५७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. म्हणजे दीक्षेच्या दिवसापूर्वी कारण सांगून झाले होते, लोकांचे मत घेऊन झाले होते, संस्था उभी होती, वाचायला ग्रंथ लिहून झाला होता. भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर त्यांनी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. काय सोडायचे आणि काय धरायचे, हे नेमके सांगितले.

परिणाम जनगणनेत दिसतो. १९५१ साली महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली.

आणि या बदलाची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंनाच होत्या, १९५६ पासून शिखांनाही; बौद्धांना नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! या काळात कितीतरी घरांत, कागदावर काय लिहायचे आणि मनात काय धरायचे, याची ओढाताण झाली. आमच्या आजोबांनी लिहिताना ‘बौद्ध’च लिहिले. वडिलांना त्यामुळे केंद्राची नोकरी मिळाली नाही, ते गिरणीत गेले. वडील यावर कधी आजोबांशी भांडले नाहीत. पण आजोबांनी ते का लिहिले, हे मात्र आम्हांला पुन्हा पुन्हा सांगितले. हेतू माहीत असला की किंमत सोसता येते. हेतू माहीत नसेल तर लहानसा तोटाही माणसाला माघारी वळवतो.

५. तथागतांची दोन वचने

महापरिनिब्बान सुत्तात एकाच ठिकाणी दोन गोष्टी येतात. आरंभी राजा अजातशत्रूचा मंत्री वस्सकार राजगृहाला गृध्रकूटावर येतो. वज्जींना जिंकता येईल काय, हे त्याला जाणून घ्यायचे असते. तथागत आनंदांना वज्जींविषयी प्रश्न विचारतात आणि ज्यामुळे वज्जींची हानी होणार नाही असे सात नियम सांगतात. त्यांत वारंवार एकत्र जमावे, एकमताने जमावे व एकमताने उठावे, ठरलेले नियम मनास येईल तसे मोडू नयेत, ज्येष्ठांचा मान ठेवावा, हे नियम आहेत. आपले ज्येष्ठ सभासद याच नियमांचा आधार घेतात आणि तो योग्यच आहे.

पण त्याच सुत्ताच्या शेवटी तथागत आनंदांना सांगतात की, माझ्यानंतर संघाची इच्छा असेल तर बारीकसारीक नियम रद्द करावेत. म्हणजे नियम मोडू नका आणि गरज पडल्यास नियम काढूनही टाका, असे दोन्ही! यात विसंगती आहे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे नाही. लहर लागली म्हणून एकाने मोडणे निषिद्ध आहे. सर्वांनी जमून, विचार करून काढणे अनुज्ञेय आहे.

पुढची हकिकत विनयपिटकात आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्खूंनी विचारले, बारीकसारीक नियम म्हणजे कोणते? आनंद म्हणाले, हे विचारायचे राहून गेले. मग निरनिराळी मते पुढे आली. कोणाचा मेळ बसेना. अखेर महाकाश्यपांच्या सूचनेवरून सगळेच नियम जसेच्या तसे ठेवण्याचा निर्णय झाला. बदलाची परवानगी हाती होती, पण गाभा कोणता आणि वरची सालपटे कोणती, हे सांगणारा असतानाच विचारून घेतले नाही. म्हणून परवानगी तशीच राहिली. आपल्या संस्थांनी यातून एवढे तरी घ्यावे की, ज्यांनी संस्था उभी केली त्यांना, ते हयात आहेत तोवर, विचारून ठेवावे : यातले काय कधीही सोडू नये आणि काय सोडले तरी चालेल?

मज्झिम निकायातील तराफ्याचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. नदी ओलांडून झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडणारा शहाणा नव्हे. मात्र मध्यधारेत तराफा सोडणाराही शहाणा नव्हे, हेही तरुण सभासदांनी ध्यानात घ्यावे.

६. बँकेतील अनुभव

आमच्या नोकरीत आम्ही दोन मोठे बदल पाहिले. नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरे होती. काही काळातच सर्व शाखा एका संगणक जाळ्यात आल्या. आमचे एक ज्येष्ठ सहकारी लेजरची बेरीज तोंडी करीत. संगणक आल्यावर ते गप्प गप्प राहू लागले. त्यांना कोणी सांगितलेच नाही की, तुमचा हिशेबाचा डोळा संगणकालाही लागणारच आहे.

दुसरा बदल विलीनीकरणाचा. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांच्या चार बँका झाल्या, हे सर्वांना माहीत आहे. अशाच एका विलीनीकरणात आमच्या शाखेचाही फलक बदलला. काही दिवसांनी पेन्शन घेणारी एक म्हातारी जुने पासबुक पदराखाली धरून काउंटरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, माझी बँक कुठं गेली?” आम्ही म्हणालो, “मावशी, नाव बदललंय नुसतं. पैसे आहेत तसेच आहेत.” त्यावर ती म्हणाली, “मग हे आधी सांगायला काय झालं होतं? चार रात्री डोळ्याला डोळा नाही.” आम्ही खाली मान घातली. सूचना फळ्यावर लावली होती. तिला वाचता येत नव्हते.

एक कबुलीही देऊन टाकतो. पदोन्नतीची संधी आम्हांस दोनदा आली आणि दोन्ही वेळा आम्ही नाकारली. ‘बदली होईल, समाजाचे काम सुटेल,’ असे आम्ही सर्वांना सांगितले आणि लोकांनी कौतुकही केले. खरे कारण भीतीचे होते. नवी जागा, नवी जबाबदारी, चुकलो तर हसे होईल ही भीती. समाजकार्याचे नाव आम्ही त्या भीतीवर पांघरूण म्हणून घातले. हेतू हा बदल करण्यासाठी जसा लागतो, तसा बदल टाळण्याचे निमित्त म्हणूनही वापरला जातो. म्हणून आपला हेतू खरा की सांगण्यापुरता, हे ज्याचे त्याने एकांतात तपासावे. आमच्या तपासणीत आम्ही नापास झालो आहोत.

७. बदलापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

वरील विवेचनातून व्यक्तीला आणि संस्थेला उपयोगी पडतील असे पाच प्रश्न निघतात :

(अ) जे बदलायचे आहे ते मुळात कशासाठी सुरू झाले होते? लेखी असेल तर शोधून वाचावे.

(आ) तो हेतू आज कोणत्या रूपाने पुरा होईल?

(इ) कोणाचे नुकसान होईल आणि त्याची सोय काय?

(ई) ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी, त्यांच्या भाषेत सांगितले आहे काय?

(उ) हा बदल आपण हेतूसाठी करतो की भांडणासाठी? आणि करत नसू, तर निष्ठेमुळे की भीतीमुळे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही संस्थेच्या कपाटातली पहिली इतिवृत्ताची वही काढली. पाने पिवळी पडली आहेत, शाई फिकी झाली आहे. वाचनालयाच्या ठरावात वर्तमानपत्रांचा उल्लेख शेवटी आहे. आरंभी असे कारण दिले आहे की, कामगारांच्या मुलांना एका खोलीच्या घरात बसायला जागा नाही व रात्री दिवा नाही, तरी त्यांच्यासाठी बसण्याची व दिव्याची सोय व्हावी.

बैठकीत ही ओळ वाचून दाखवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सर्वांत जास्त विरोध करणारे ज्येष्ठ सभासद म्हणाले, “त्या दिव्याखाली बसलेल्या पोरांत मी पण होतो.” गाळा भाड्याने देण्याची सूचना त्याच बैठकीत मागे घेण्यात आली. अभ्यासिकेचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सकाळी दोन तास ज्येष्ठांसाठी वर्तमानपत्रे चालू ठेवावीत, अशी दुरुस्ती त्यात सुचवली आहे. फलकावर कोणते नाव असावे यावर अजून एकमत नाही. सभासदांनी हा लेख वाचून, मुळातला ठराव डोळ्यांखालून घालून मगच हात वर करावा, एवढीच विनंती. आम्ही ठरावाच्या बाजूने मत देणार आहोत, हेही लपवून ठेवत नाही.

विद्यार्थ्यांसाठी विचारार्थ प्रश्न

१) बहिष्कृत हितकारिणी सभा १९२८ साली का विसर्जित केली गेली? त्यातून संस्थेचे रूप आणि हेतू यांतील फरक स्पष्ट करा.

२) येवला ते नागपूर या एकवीस वर्षांतील तयारीचे टप्पे क्रमाने लिहा.

३) वज्जींचे नियम आणि बारीकसारीक नियमांविषयीची परवानगी यांचा मेळ तुम्ही कसा घालाल?

४) तुमच्या घरातील एखादा बदल घ्या आणि त्याला वरील पाच प्रश्न लावून पाहा. उत्तर कोणाला दाखवले नाही तरी चालेल. स्वतःशी मात्र खरे लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!